यंत्रांच्या खोलीतल्या नोकऱ्या : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं विज्ञान आणि अभियांत्रिकीतल्या संशोधनाबद्दल आहेत, त्यातही विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमधल्या तांत्रिक कामांबद्दल. म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवले. मी स्वतः संशोधक नव्हते. एका विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात तांत्रिक अधिकारी होते. एक्सआरडी (क्ष-किरणांनी पदार्थाची स्फटिकरचना तपासणारं यंत्र) आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप ही दोन यंत्रं सांभाळली, आणि ती वापरायला येणारी पीएच.डी.ची पोरंही सांभाळली. यंत्रं सोपी होती. उत्तरं त्या खोलीतून जसं दिसतं तशी आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

कराडहून एक वाचक : ताई, मी फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलं, ६६ टक्के आहेत. एका विद्यापीठात प्रोजेक्ट असिस्टंटची जाहिरात आली आहे. महिना २०,००० अधिक घरभाडे भत्ता, मुदत एक वर्ष, 'प्रकल्प चालू राहिल्यास वाढवता येईल'. एम.एस्सी. आत्ता परवडणार नाही. घरचे म्हणतात, असल्या तात्पुरत्या नोकरीत वर्ष घालवू नकोस, सरळ बी.एड. कर. काय करू?

घे ती नोकरी. पण काय घेते आहेस ते नीट समजून घे.

ही जागा विद्यापीठाची नसते, प्रकल्पाची असते. प्राध्यापकांना कुठल्या तरी सरकारी खात्याकडून तीन वर्षांसाठी पैसे मिळालेले असतात, त्यातून तुझा पगार निघतो. पैसे संपले की जागा संपली. 'कायम नोकरीवर हक्क राहणार नाही' असं जाहिरातीत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि ते अक्षरशः खरं असतं. 'सर मला नंतर चिकटवून घेतील' या आशेवर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. सरांच्या हातात ते नसतं. २०,००० चा आकडाही सरांनी ठरवलेला नाही. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये प्रकल्पांवरच्या माणसांचे दर ठरवून दिले, त्यातला तो आहे.

मग घ्यायची कशाला? कारण त्या एका वर्षाला पुढे भाव आहे. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांमध्ये, म्हणजे पुण्याची एनसीएल (रसायनशास्त्राची), गोव्याची एनआयओ (समुद्रविज्ञानाची) वगैरे, टेक्निकल असिस्टंटची कायम जागा निघते. तिथे तुझ्यासारखीला विज्ञान पदवीत किमान ६० टक्के आणि वर त्या विषयातला एक वर्षाचा अनुभव किंवा तेवढाच पूर्णवेळ व्यावसायिक अभ्यासक्रम मागतात. मूळ पगार ३५,४०० पासून सुरू होतो, भत्ते वेगळे. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा २८. टक्के तुझ्याकडे आहेत. अनुभव नाही, तो या 'तात्पुरत्या' वर्षात मिळेल. आधी ट्रेड टेस्ट, म्हणजे कामाच्या कौशल्याची चाचणी, होते, पण ती फक्त पास व्हायची असते. गुणवत्ता यादी लेखी परीक्षेवर लागते. म्हणून बी.एस्सी.ची पुस्तकं एवढ्यात रद्दीत घालू नकोस.

मुलाखतीला गेलीस की तेच प्रश्न विचारतील आणि तू उत्तरं देशील. शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' म्हणतील तेव्हा गप्प बसू नकोस. विचार : मी कुठल्या यंत्रावर काम करणार? ते मला स्वतः चालवायला मिळेल का? बऱ्याच ठिकाणी प्रोजेक्ट असिस्टंटचं वर्ष जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर खरेदी टाकण्यात, तीन-तीन कोटेशन गोळा करण्यात आणि खर्चाचा हिशोब जुळवण्यात जातं. तेही काम आहे, कुणीतरी ते करायलाच हवं. पण ट्रेड टेस्टला कोटेशन कुणी विचारत नाही.

यंत्र हाती आलं, तर पहिले काही महिने मोजमापापेक्षा त्याच्या आजूबाजूचं शिक. यंत्र गार ठेवणाऱ्या चिलरचं पाणी किती अंशावर असतं, यूपीएस किती मिनिटं तग धरतो, व्हॅक्यूमच्या रोटरी पंपाचं तेल काळं पडलं की कुणाला सांगायचं आणि स्वतः कसं बदलायचं. यंत्र बंद पडलं की आधी पाणी, वीज आणि व्हॅक्यूम बघायचं, सॉफ्टवेअरला शिव्या त्यानंतर. मायक्रोस्कोपमध्ये वीज न वाहणारा नमुना तसाच घातला तर चित्र पांढरं फटक येतं, म्हणून त्यावर आधी सोन्याचा अगदी पातळ थर चढवावा लागतो; हे पुस्तकात एका ओळीत असतं, हाताला बसायला महिना जातो. एक्सआरडी असेल तर पहिल्याच दिवशी टीएलडी बॅज माग. किरणं किती लागली याची नोंद त्यावर होते. 'लागत नाही गं, मशीन बंदिस्त आहे' म्हणतील. तरी माग.

आणि अनुभवाचं प्रमाणपत्र. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम केलं, वर्तणूक चांगली' एवढ्या मजकुराचं घेऊ नकोस. यंत्राचं नाव, तू स्वतः काय चालवलंस, काय दुरुस्त केलंस, हे सगळं त्यात लिहून हवं. मजकूर तूच टाइप करून ने, सर सही करतील. प्रकल्प चालू असताना ने. तो संपल्यावर सर परदेशी असतात नाहीतर प्राचार्य झालेले असतात.

बी.एड.ला माझा विरोध नाही. ते पुढच्या वर्षीही असेल.

वसमत, जि. हिंगोली येथून एक पालक : माझा मुलगा आयटीआय वेल्डर आहे, पुतण्याचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो नावाचा मोठा प्रकल्प येतोय म्हणतात. तिथे पोरांना काम मिळेल का? एक जण म्हणतो, आत ओळख आहे, थोडे पैसे भरले तर नाव लावून देतो.

दादा, आधी शेवटचं. त्या माणसाला एक रुपया देऊ नका. अशा संस्थांची भरती त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या जाहिरातीतून होते. पैसे घेऊन 'नाव लावायची' यादी कुठेच नसते.

आता लायगो. विश्वात फार दूर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाश किंचित थरथरतो, ती थरथर पकडणारं हे यंत्र. अमेरिकेत अशी दोन केंद्रं आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी ती पहिल्यांदा पकडली. तसंच केंद्र तुमच्या औंढ्यात उभं राहायचं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. अणुऊर्जा विभागाकडे मुख्य जबाबदारी आहे, आणि पुण्याचं आयुका (खगोलशास्त्राची संस्था), इंदूरचं आरआरकॅट (लेसर आणि प्रवेगकांची संस्था), गांधीनगरचं प्लाझ्मा संशोधन केंद्र ही मंडळी त्यात आहेत. म्हणजे जाहिराती हिंगोलीच्या पेपरात शोधू नका, या संस्थांच्या संकेतस्थळांवर बघा. पोरांना महिन्यातून दोनदा बघायची सवय लावा.

काम काय असेल ते सांगते, कारण वेल्डरच्या बापाला ते कळायला हवं. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर. प्रत्येक भुजेत स्टीलची नळी, आणि तिच्यातून लेसरचा झोत जातो. अमेरिकेतली नळी १.२ मीटर व्यासाची आणि फक्त ३ मिलिमीटर जाडीची आहे. आतली हवा इतकी काढून घेतात की बाहेरच्या हवेच्या दाबाचा साधारण एक लाख कोटीवा भाग उरतो. आता विचार करा, ४ किलोमीटर नळीवर वेल्डिंगचे सांधे किती. त्यातल्या एकालाही सुईच्या टोकाहून बारीक छिद्र राहिलं तर चालत नाही. नुसतं पाणी भरून गळती बघण्यातलं हे काम नव्हे. बाहेरून सांध्यावर हेलियम वायू फवारतात आणि आतून एक यंत्र हेलियमचा वास घेत बसतं. ते कुरकुरलं की सांधा पुन्हा करायचा. नळीच्या आतल्या बाजूला उघड्या हाताचा ठसासुद्धा उमटू देत नाहीत, कारण त्वचेचं तेल नंतर कित्येक दिवस वाफ सोडत राहतं.

तेव्हा मुलाने आतापासून काय करावं? गेट-ग्रिलचं आर्क वेल्डिंग करत असेल तर पोटापुरतं ठीक आहे, पण इथे ते चालणार नाही. स्टेनलेस स्टीलचं टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाने, वायूच्या आवरणात केलेलं) शिकावं, आतल्या बाजूने आर्गॉन वायू सोडून सांधा काळा न पडू देता. हे काम औषध कंपन्यांच्या आणि दुग्धप्रकल्पांच्या पाइपलाइनवर चालतं. संभाजीनगरच्या औद्योगिक भागात किंवा पुण्याला वर्षभर तसल्या ठेकेदाराकडे राहिला तर हात तयार होईल. पुतण्याने व्हॅक्यूम पंप, लीक टेस्टिंग आणि क्लीनरूम, म्हणजे धूळ नसलेली खोली, यांची माहिती घ्यावी. बांधकामाच्या काळातली बरीचशी कामं ठेकेदारांमार्फतच होतील असा माझा अंदाज आहे. कायम जागा थोड्या असतील आणि देशभरातून अर्ज येतील. हिंगोलीचा म्हणून कुणी आत घेणार नाही. पण टिगचा चांगला कारागीर म्हणून घेतील, आणि औंढ्याचं काम लांबलं तरी तो कारागीर उपाशी राहत नाही.

आणखी एक. बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र, स्टायपेंडरी ट्रेनी घेते. डिप्लोमा आणि बी.एस्सी.वाल्यांसाठी पहिला गट, आयटीआय आणि बारावीवाल्यांसाठी दुसरा. दोन वर्षं प्रशिक्षण, विद्यावेतन मिळतं, मग नेमणूक. वयाची मर्यादा मात्र कडक : २०२३ च्या जाहिरातीत खुल्या प्रवर्गाला पहिल्या गटात २४ आणि दुसऱ्यात २२ वर्षं होती. मुलाचं वय तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. विशीचा असेल तर आजच बघायला सांगा.

नाशिकहून एक पालक : मुलगी ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स) इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमधून आयटी कंपनीची नोकरी हातात आहे. गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेतही चांगला स्कोअर आला. आता म्हणते संशोधनात जायचंय. संशोधनात पोट भरतं का, एवढंच सांगा.

भरतं. उशिरा भरतं आणि कधीकधी थांबून थांबून भरतं.

आकडे विचारलेत, तर आकडे. गेटवर एम.टेक. केलं तर महिना १२,४०० मिळतात, दोन वर्षं. पुण्या-मुंबईत वसतिगृह मिळालं तर त्यात जेमतेम भागतं. पीएच.डी.ला जेआरएफ, म्हणजे सुरुवातीची फेलोशिप, ३७,००० आहे, दोन वर्षांनी तिची एसआरएफ, म्हणजे वरची फेलोशिप, झाली की ४२,०००, वर शहराप्रमाणे घरभाडे भत्ता. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. पंतप्रधान संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं ७०,००० आणि चौथ्या-पाचव्या वर्षी ८०,००० पर्यंत जाते, पण ती फार थोड्यांना मिळते. राज्यातल्या विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. तुम्ही कुठल्या प्रवर्गात बसता त्याप्रमाणे बघा. पीएच.डी.नंतर रिसर्च असोसिएट म्हणून ५८,००० ते ६७,०००. आयटीतली तिची मैत्रीण तोवर फ्लॅटचे हप्ते भरत असेल. हे मुलीसमोर बोला, लपवू नका.

आणि हे पैसे दर एक तारखेला येतात असं धरू नका. बिल विभागातून निघतं, लेखा शाखेत जातं, तिथून आणखी कुठे तरी. तीन-चार महिन्यांचे एकदम येतात. माझ्याकडे यायची ती पोरं जानेवारीत डबा बंद करायची आणि एप्रिलमध्ये पार्टी द्यायची. पीएच.डी.ला पाठवणार असाल तर पहिल्या वर्षी चार महिन्यांचा खर्च तिच्या खात्यात वेगळा ठेवा. शिष्यवृत्तीबरोबर हा खर्च कुणी सांगत नाही.

पण तुमच्या मुलीने 'संशोधन' म्हणताना नेमकं काय डोक्यात धरलंय ते विचारा. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना वाटतं, संशोधन म्हणजे पीएच.डी.च. तसं नाही. नाशिकहून पुण्याला येताना नारायणगाव लागतं, तमाशाचं आणि टोमॅटोचं. तिथून जवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, १४ मधल्या चौकात आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी तारेच्या जाळीचे हलके अँटेना वापरून ते स्वस्तात उभं केलं. खगोलशास्त्रज्ञ जगभरातून वेळ मागतात, पण ते चालवतात कोण? अँटेना फिरवणाऱ्या मोटरींचे इंजिनिअर, आकाशातून आलेला क्षीण सिग्नल गोंगाट न वाढवता मोठा करणारे इंजिनिअर, तो डिजिटल करून जुळवणारे इंजिनिअर. त्यातल्या अनेकांकडे पीएच.डी. नाही आणि त्यांच्यावाचून एक निरीक्षण होत नाही. आदित्य एल-१ यानावरची सूर्याची अतिनील चित्रं घेणारी दुर्बीण पुण्यात आयुकामध्ये तयार झाली. तिथेही इलेक्ट्रॉनिक्स, ऑप्टिक्स आणि सॉफ्टवेअरवाल्यांचं काम होतं. बीएआरसीच्या वर्षभराच्या प्रशिक्षणातून थेट सायंटिफिक ऑफिसर होता येतं, आणि त्यासाठी गेटचा स्कोअर चालतो.

माझं मत विचाराल तर, घाई करू नका. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. पण 'आधी आयटीत दोन वर्षं काढते, मग बघू' हा मार्ग मला फारसा आवडत नाही. पगाराची सवय लागते हे एक कारण. दुसरं जास्त खरं : सोल्डरिंगचा आणि ऑसिलोस्कोपचा हात जातो. त्यापेक्षा या उन्हाळ्यात एखाद्या संस्थेत सहा-आठ आठवडे इंटर्नशिप करू द्या. एकच सर्किट आठवडाभर चालत नाही आणि आठव्या दिवशी कळतं की अर्थिंगच सुटलेलं होतं, यात जिला गंमत वाटते ती मुलगी इथली. जिला वैताग येतो तिने आयटीत जावं, त्यात कमीपणा काही नाही. कंपनीच्या ऑफर लेटरमध्ये बाँड आहे का, तेवढं सही करण्याआधी वाचा.

सोलापूरहून एक वाचक : विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कायम नोकरीसाठी पीएच.डी. लागतेच का?

शिकवायचं किंवा स्वतःचा प्रकल्प चालवायचा असेल तर जवळजवळ लागतेच. यंत्र चालवायचं असेल तर नाही. जाहिरातीत 'टेक्निकल' आणि 'सायंटिफिक' असे दोन शब्द येतात. दोन्हींची पात्रता वेगळी वाचा.

छत्रपती संभाजीनगरहून एक संशोधक विद्यार्थी : मॅडम, पीएच.डी.चं तिसरं वर्ष संपत आलं. प्रबंधापेक्षा मला आमच्या विभागातल्या रामन स्पेक्ट्रोमीटरमध्येच (लेसरचा प्रकाश टाकून पदार्थ ओळखणारं यंत्र) जास्त रस आहे. बाकीच्यांचा डेटा साफ करायला मी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिलेत, आता तीन विभाग ते वापरतात. गाईड म्हणतात, तू टेक्निशियन व्हायला आलास का? प्रबंध सोडून देऊ का?

गाईडना सांग, हो. म्हणजे मनातल्या मनात सांग. आणि प्रबंध पूर्ण कर.

सोडू नकोस म्हणते ते पदवीच्या प्रेमापोटी नाही. आयआयटी, आयसर (केंद्राच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आणि मोठ्या विद्यापीठांच्या उपकरण केंद्रांमध्ये टेक्निकल ऑफिसरच्या जागा थोड्या निघतात आणि तिथे एम.एस्सी. अधिक अनुभववाल्यांची रांग असते. त्या रांगेत तू डॉक्टरेट घेऊन, वर यंत्र उघडून बंद करता येणारा असा उभा राहिलास, तर समितीला तुझ्याकडे बघावंच लागतं. तीन वर्षं गेली आहेत. प्रबंधात एक प्रकरण त्या पायथनच्या कामावरच लिही. मोजमापाची पद्धत सुधारणं हेही संशोधनच आहे, गाईड नाक मुरडोत.

जागा कुठे निघेल हे ओळखायची एक युक्ती सांगते. आय-स्टेम नावाचं सरकारी पोर्टल आहे, देशातल्या कुठल्या संस्थेकडे कुठलं यंत्र आहे आणि बाहेरच्यांना ते कसं वापरायला मिळेल याची यादी तिथे असते. जिथे नवं कोट्यवधींचं यंत्र आलं, तिथे ते चालवायला माणूस लागणारच. खरेदीच्या वेळी तो कुणाला आठवत नाही. वॉरंटी संपत आली की आठवतो. तेव्हा तुझा अर्ज तिथे असावा.

तुझ्या प्रोग्रॅमिंगच्या हाताला पुण्यात जास्त वाव आहे. आयसर पुण्यात परम ब्रह्म हा महासंगणक २०१९ पासून आहे, जीएमआरटीसाठी परम रुद्र २०२४ मध्ये आला, पाषाणला उष्णदेशीय हवामान संस्थेत अर्क आहे, आणि परम ज्यांनी घडवला ती सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था तर पुण्याचीच. हे महासंगणक नुसते उभे करून भागत नाही. संशोधकाचा वेडावाकडा कोड त्यावर चालेल असा करून द्यायला माणसं लागतात. इंग्लंडात अशा लोकांना रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून वेगळं पद देतात. आपल्याकडे तेच काम बहुतेक वेळा प्रोजेक्ट असोसिएट किंवा प्रोजेक्ट इंजिनिअर या नावाखाली सापडतं, म्हणून जाहिरात शोधताना नावावर जाऊ नकोस, कामाचं वर्णन वाच. तू लिहिलेले प्रोग्रॅम इंटरनेटवर सगळ्यांना बघता येतील अशा उघड्या भांडारात टाक, कसे वापरायचे याची दोन पानं लिही. 'तीन विभाग वापरतात' हे नुसतं सांगण्यापेक्षा समितीला दाखवता येईल.

तिसरा दरवाजा कंपन्यांचा. स्पेक्ट्रोमीटर विकणाऱ्या कंपन्यांना ॲप्लिकेशन सायंटिस्ट लागतो : गावोगाव फिरून यंत्र बसवून द्यायचं, तिथल्या लोकांना शिकवायचं, त्यांचे आडवे प्रश्न झेलायचे. पगार विद्यापीठापेक्षा बरा. घरी राहणं कमी.

आणि एक सांगायचं राहिलं. तुझे प्रोग्रॅम वापरून जे पेपर येतील त्यांत तुझं नाव कुठे येणार, हे काम सुरू व्हायच्या आधी बोलून घे. मी घेतलेल्या चित्रांवर उभे राहिलेले पेपर कितीतरी आहेत; बहुतेकांत मी आभारात आहे, काहींत तिथेही नाही. एका गृहस्थांनी मुखपृष्ठावर माझं चित्र छापून आणलं आणि मला पेढे दिले. पेढे चांगले होते. पण बायोडेटात पेढे लिहिता येत नाहीत. नुसता नमुना घालून बटण दाबलं असेल तर आभार पुरेत. पद्धत तुझी असेल, डेटाचा अर्थ लावण्यात तुझा हात असेल, तर लेखकांत नाव यायला हवं, आणि ते मागण्यात उद्धटपणा नाही.

म्हापशाहून एक वाचक : गोवा विद्यापीठातून मरीन सायन्समध्ये एम.एस्सी. करत्ये. जर्मनीत पीएच.डी. करायची आहे. तिथे फी किती आणि परीक्षा कुठली?

बहुतेक सरकारी विद्यापीठांत पीएच.डी.ला फी अशी नसते आणि सामाईक प्रवेश परीक्षाही नसते. तिथे पीएच.डी. ही अनेकदा नोकरी असते : जाहिरात निघते, तू अर्ज करतेस, मुलाखत होते, करार होतो, पगारातून कर आणि आरोग्य विमा कापला जातो. करारावर पदाची टक्केवारी असते, ५०, ६५, १००. पगार त्या प्रमाणात. काम मात्र सगळे जण शंभर टक्केच करतात असं माझ्याकडून तिकडे गेलेली मुलं सांगतात. तुझ्या विषयाला कीलचं जिओमार, ब्रेमरहाफेनचं आल्फ्रेड व्हेगेनर इन्स्टिट्यूट आणि ब्रेमेनचं विद्यापीठ ही नावं आधी बघ. युरोपच्या मारी क्यूरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागाही असतात. त्यांची अट अशी की गेल्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेली नसावीस. तुला ती अडचण नाही.

पण बाय, जर्मनीचा अर्ज लिहिण्याआधी घराजवळ जाऊन ये. दोना पावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली एनआयओ आहे, त्यांची स्वतःची संशोधन जहाजं आहेत. एम.एस्सी.चा प्रबंध तिथे करता आला आणि एकदा जहाजावर जाऊन समुद्राच्या पाण्याचे नमुने घेतलेस, तर तो एक परिच्छेद जर्मनीतल्या प्राध्यापकांना तुझ्या गुणपत्रिकेपेक्षा जास्त सांगेल. जहाज लागतं का, म्हणजे उलट्या होतात का, तेही कळेल. ते मात्र कील गाठण्याआधी कळलेलं बरं. वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती ही स्थानकं तेच सांभाळतं. तिकडे शास्त्रज्ञ जातात तसे जनरेटरचे मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियनही जातात. भाऊ-चुलतभाऊ कुणी त्या कामातला असेल तर त्यालाही त्या केंद्राच्या जाहिराती दाखव.

अकोल्याहून (जि. अहिल्यानगर) एक शिक्षक : नववी-दहावीच्या मुलांना अशी कामं प्रत्यक्ष बघायला कुठे नेता येईल? शाळेकडे पैसे नाहीत.

सर, तुम्हाला जवळचं ठिकाण खोडद. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास जीएमआरटी लोकांसाठी खुलं असतं आणि तिथे मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं. आसपासच्या शाळांची मुलं आपले प्रयोग घेऊन येतात. नुसतं बघायला नेऊ नका, एखादा प्रयोग घेऊन जा, त्यासाठी आधी संस्थेला पत्र लिहा. पुण्यापर्यंत जमलं तर आयुकाच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका दाखवा, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून तिची इमारत उभी राहिली, आणि तिथली खेळणी काडेपेटी, स्ट्रॉ, जुन्या सीडी असल्या वस्तूंची आहेत, त्यामुळे परत आल्यावर वर्गात करता येतात.

खोडदला मुलं अँटेनाकडे बघत राहतील. त्यांना कंट्रोल रूमकडेही न्या आणि तिथल्या माणसांना विचारू द्या : तुम्ही काय शिकलात, रात्रपाळी असते का, पगार किती. शेवटचा प्रश्न मुलंच विचारतात, त्यांना दटावू नका. मोबाइल मात्र बसमध्येच ठेवायला लावा; त्या अँटेनांना आकाशापेक्षा आपल्या खिशातला फोन फार मोठ्याने ऐकू येतो.